मुलं धडाधड वाचतात, पण "काय वाचलंस?" म्हटलं की गप्प. गोष्ट वाचून दाखवताना थांबायचं कुठे?

चौथीच्या बाई (जिल्हा परिषद शाळा, जुन्नर तालुका)

नमस्कार. आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सर बघतात, तिसरी-चौथी माझ्याकडे. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, पट १९.

अक्षरओळख पक्की नाही अशी माझ्याकडे आता दोनच मुलं उरली आहेत. बाकीची जोडाक्षरांसकट वाचतात. चौथीतली एक मुलगी परिपाठात रोज पेपरातली बातमी वाचते. एकदाही अडखळत नाही, स्वल्पविरामाला थांबते, पूर्णविरामाला आवाज खाली आणते. मागच्या महिन्यात तिनं धरणातून पाणी सोडल्याची बातमी वाचली. मी सहज विचारलं, "पाणी का सोडलं गं?" तिनं पेपर पुन्हा वर धरला आणि पहिलं वाक्य जसंच्या तसं परत वाचलं. मी म्हटलं, "वाचू नको, तुझं तू सांग." ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वर्षं ती माझ्याच हाताखाली आहे आणि दोन्ही वर्षं मी तिच्या नोंदीत 'वाचन उत्तम' लिहिलं आहे.

म्हणून खिचडी झाल्यावर रोज वीस मिनिटं मी गोष्ट वाचून दाखवायला लागले. पहिले दोन आठवडे फार छान गेले. मुलं हात धुऊन पळत यायची आणि माझ्या खुर्चीभोवती दाटीवाटीनं बसायची. मग मला वाटायला लागलं, नुसतं ऐकून काय होणार, आकलन व्हायला हवं. पानापानाला प्रश्न सुरू केले. कोण, कुठे, कधी, आणि शेवटी 'या गोष्टीतून काय बोध घ्याल?' गोष्ट कुठलीही असो, उत्तर ठरलेलं: "नेहमी खरे बोलावे." कोंबडीची पिल्लं वाट चुकतात त्या गोष्टीलासुद्धा हेच. परवा मी पुस्तक हातात घेतल्या घेतल्या तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आज नुसती गोष्ट वाचा ना. प्रश्न नको." आवाजात अगदी काकुळती होती.

तेव्हापासून पुस्तक उघडलं की मनात धाकधूक होते. गोष्टीची गोडी जाऊ न देता समजून घ्यायला शिकवायचं कसं? थांबायचं तर कुठे, किती वेळा? आणि मी वाचलेलं त्यांना समजलं, तरी ती स्वतः वाचतील तेव्हा त्याचा उपयोग होतो का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ग्रंथपेटी (बालविभाग, सार्वजनिक वाचनालय)

ताई, आधी दहा दिवस प्रश्न पूर्ण बंद करा. त्या मुलाला शब्द द्या आणि पाळा. आमच्याकडे शनिवारी मुलं गोष्ट ऐकायला येतात. गोष्ट संपली की मी पुस्तक मिटून गप्प बसते, मिनिटभर काहीही बोलत नाही. पहिल्यांदा ती शांतता जड जाते. पण कोणीतरी बोलतंच, आणि ते जे बोलतं ते माझ्या कुठल्याही प्रश्नापेक्षा चांगलं असतं.

पुस्तकांची अडचण असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली चित्रपुस्तकं आहेत, तीही फुकट, आणि छापून घ्यायची मुभा आहे. वर्गाला दाखवायला मोठ्या चित्रांची निवडा. शेवटच्या ओळीतल्या मुलाला चित्र दिसलं नाही की तो तिथेच तुटतो.

माणदेशी गुरुजी (निवृत्त, ३४ वर्षं प्राथमिकला)

ताई, तुमचा तो तिसरीतला पोरगा मनापासून बोलला आहे, त्याचं जरूर ऐका. पण प्रश्न बंद करून काम भागणार नाही. तसं केलंत तर बातमी वाचणारी मुलगी आहे तिथेच राहील. मी स्वतः वीस-बावीस वर्षं चुकीच्या पद्धतीनं शिकवलं आणि शेवटची दहा-बारा वर्षं थोडं बरं शिकवलं, म्हणून हे लिहितो.

डी.एड.ला आम्हाला पाठाच्या पायऱ्या शिकवल्या होत्या: आदर्श वाचन, अनुकरण वाचन, मूक वाचन. आदर्श वाचन म्हणजे काय, तर स्पष्ट उच्चार, आरोह-अवरोह, योग्य विराम. म्हणजे गळ्याचा आदर्श आम्ही घालून देत होतो. वाचताना आपल्या डोक्यात काय चालतं, कुठे आपण चक्रावतो, कुठे मागे जातो, हे मुलाला कधी दिसायचंच नाही. तुमची मुलगी त्याच आदर्शाचं हुबेहूब अनुकरण करते आहे. तिला जे दिसलं ते ती शिकली.

तेव्हा पहिली गोष्ट, मुलांना विचारायच्या आधी स्वतः अडून दाखवा. कसं, ते एका प्रसंगानं सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. शाळेमागच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली, तिच्यावर सुगरणीची घरटी लोंबत होती. मी सुगरणीवरचा एक साधा परिच्छेद वाचायला घेतला. "सुगरण पक्ष्याचा नर गवताची लांब पाती विणून घरटे बांधतो." एवढं वाचलं आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणालो, "थांबा रे. नर? सुगरण म्हणजे तर बाई ना? माझ्या आईच्या हाताला चव होती, तिला सगळा गाव सुगरण म्हणायचा. मी आतापर्यंत डोक्यात घरटं विणणारी पक्षीण बघत होतो. काहीतरी चुकतंय, मागे जाऊन बघतो." पुस्तक उचललं, तेच वाक्य हळू वाचलं. परत मांडीवर. "'सुगरण पक्ष्याचा नर.' म्हणजे सुगरण हे त्या जातीचं नाव झालं. विणणारा तो आहे. डोक्यातलं चित्र बदलायला पाहिजे."

वर्ग एकदम जागा झाला. पुढचं वाक्य होतं, घरटं अर्धं झालं की मादी येऊन पाहते. ते वाचलं आणि मागून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आणि तिला नाही आवडलं तर?" मी उत्तर दिलं नाही. म्हणालो, "मलाही हेच पाहिजे होतं. लिहिलंय का बघू." पुढे लिहिलेलं होतंच, की तिला पसंत पडलं तर नर उरलेलं घरटं आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो, नाही तर दुसरं घरटं विणायला घेतो. वाचून झाल्यावर आम्ही सगळे विहिरीपाशी गेलो. काही घरट्यांना नळी होती, काही नुसती टोपीसारखी अर्धी. कुठलं घरटं नाकारलेलं असेल यावर पोरं घरी जाईपर्यंत वाद घालत होती.

यात एक बारकावा आहे, तो सोडू नका. लेखकाचे शब्द वाचताना पुस्तक वर, स्वतःचा विचार बोलताना पुस्तक मांडीवर आणि नजर मुलांकडे. हे पाळलं नाही तर पोरांना वाटतं, गुरुजी बोलतात तेही पुस्तकातच लिहिलंय. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका मुलानं मला ते वाक्य पुस्तकात शोधून मागितलं होतं.

थांबायच्या जागांचं विचारलंत. पुस्तक घरी दोनदा वाचा, तीन ठिकाणी कागदाच्या चिठ्ठ्या लावा, चौथी नको. चिठ्ठीवर प्रश्न लिहू नका, तुम्ही काय बोलणार ते लिहा. जिथे तुम्हाला स्वतःला खरंच काही वाटलं तीच जागा धरा. ओढूनताणून अडलेलं पोरांना लगेच कळतं. नवी गोष्ट पहिल्या दिवशी अखंड वाचायची, चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तुमच्या पोराला नुसती गोष्टही मिळते. सुगरणीसारखा माहितीचा परिच्छेद असेल तर पहिल्याच वाचनाला थांबलं तरी चालतं, त्याची गोडी त्यानं जात नाही.

एका वेळी एकच युक्ती. दोन-तीन आठवडे तीच. आमच्याकडे त्यांना पोरांच्या भाषेतली नावं होती: 'डोक्यातलं चित्र', 'अडलं की मागे', 'न लिहिलेलं ओळखा'. आणि विचारायचंच असेल तर एकाला उभं करू नका. "शेजाऱ्याला सांग" म्हणा, अर्धं मिनिट द्या, तुम्ही फिरून कान द्या. हात वर करणारे ठरलेले चार-पाच सोडून इतरांच्या डोक्यात काय चाललंय ते तेव्हा ऐकू येतं.

आणि तो 'बोध' काढून टाका, ताई. 'नेहमी खरे बोलावे' हे गोष्ट न ऐकताही सांगता येतं, म्हणून तर ते दर वेळी येतं.

चौथीच्या बाई

गुरुजी, पुस्तक मांडीवर ठेवण्याची गोष्ट वाचून मी जागेवरच करून बघितली. किती साधं आहे! एक शंका. तिसरी आणि चौथी एकत्र असताना एकच पुस्तक चालतं का?

माणदेशी गुरुजी

चालतं. ऐकून समजण्याची उंची वाचून समजण्यापेक्षा या वयात बरीच जास्त असते. चौथीच्याही थोडं वरचं घ्या, तिसरीची पोरं ओढत येतात. फक्त जोड्या लावताना तिसरीतला एक, चौथीतला एक असं बसवा.

टाचणवही (शिक्षक प्रशिक्षणात काम)

गुरुजींनी जे सांगितलं त्याच्या आधीचं एक पाऊल सुचवते. मुलगी नेमकी कुठे अडते आहे ते आधी तपासा. त्याला दहा मिनिटं लागतात.

सारख्याच अवघडपणाचे दोन छोटे उतारे घ्या. एक तिला वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून सांगायला लावा. दुसरा तुम्ही वाचून दाखवा आणि तोही सांगायला लावा. ऐकलेला नीट सांगितला आणि वाचलेला सांगता आला नाही, तर तिची सगळी शक्ती उच्चारात खर्च होते आहे किंवा तिला वाचताना अर्थ शोधायची सवयच नाही. ऐकलेलाही सांगता आला नाही, तर अडचण शब्दांची, वाक्यरचनेची किंवा विषयाच्या माहितीची आहे, आणि मग कितीही वाचनाचा सराव दिला तरी फरक पडणार नाही. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी हे गुणाकाराच्या रूपात मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आपण बेरीज धरून चालतो, म्हणून स्पष्ट वाचणाऱ्या मुलाला निम्मे गुण आधीच देऊन टाकतो.

विषयाच्या माहितीचं वजन तर फारच मोठं आहे. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तुमच्या मुलीला धरणाचे दरवाजे, पाण्याची आवक, विसर्ग यांतलं काय माहीत होतं? 'विसर्ग' म्हटलं की चौथीच्या मुलाला अक्षरापुढचे दोन टिंब आठवणार. त्या बातमीत ती अडली हे मला तिचं अपयश वाटत नाही. तिला माहीत असलेल्या विषयावरचं एखादं पान देऊन बघा, आणि मग ठरवा.

अजून एक. आपल्याकडे 'तो', 'ती', 'ते', 'त्याने', 'तिला' यांत मुलं फार हरवतात. वाचून दाखवताना मध्येच "इथे 'त्याने' म्हणजे कोणी?" एवढं स्वतःशीच बोलल्यासारखं बोला. 'मात्र', 'तरीही', 'म्हणून' या शब्दांपाशीही क्षणभर रेंगाळा. वाक्याचं वळण तिथे असतं.

पांझराकाठ (साक्री, धुळे)

माझ्या वर्गात घरची भाषा अहिराणी आहे. मी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट वाचली, मग एका मुलाला सांग म्हटलं तर तो मान खाली घालून उभा. मधल्या सुट्टीत तोच मुलगा ओट्यावर बसून धाकट्या भावाला सांगत होता, "म्हतारी आंडेरना घर गयी..." (म्हातारी लेकीच्या घरी गेली) कोल्हा, वाघ, सगळ्यांचे आवाज काढून, एकही टप्पा न गाळता. त्याला गोष्ट पूर्ण समजली होती. मी उत्तर प्रमाण मराठीत मागत होतो, म्हणून मला ते दिसत नव्हतं.

तेव्हापासून शेजाऱ्याला सांगताना घरच्या बोलीत सांगायचं, असा नियमच केला. मीही चिठ्ठीवरचा विचार अहिराणीत बोलतो. पुस्तक वर असताना पुस्तकाची भाषा, मांडीवर असताना आमची. गुरुजींची खूण इथे दुप्पट उपयोगी पडेल असं आज वाचताना जाणवलं.

चौथीच्या बाई (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांना मनापासून नमस्कार. जे केलं ते लिहिते, जे जमलं नाही तेही लिहिते.

आधी टाचणवहीताईंनी सांगितलेली तपासणी केली. बातमी वाचणारी मुलगी ऐकलेला उतारा झकास सांगते, अगदी मी विसरलेले तपशीलसुद्धा. वाचलेला मात्र नाही. तिला मी विचारलं, "वाचताना तुझ्या डोक्यात काय असतं?" ती म्हणाली, "चुकायचं नाही, हे असतं." हे ऐकून मला गलबलून आलं. आता परिपाठात बातमी वाचायच्या आधी ती मनातल्या मनात एकदा वाचते आणि पहिल्यांदा बातमी काय आहे ते आपल्या शब्दांत सांगते, मगच पेपर वर धरते.

पहिला आठवडा नुसत्या गोष्टी वाचल्या, शब्द दिला होता म्हणून. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या सुरू केल्या. भोपळ्याचीच गोष्ट घेतली. सगळ्यांना पाठ होती म्हणून 'पुढे काय होईल' असं काही उरलंच नव्हतं. मी पुस्तक मांडीवर ठेवून म्हटलं, "मला एक कळत नाही, लेकीनं म्हाताऱ्या आईला जंगलातून एकटीला परत का पाठवलं असेल?" खरंच मला लहानपणापासून हे खटकत आलं आहे. वर्गात शांतता. मग तो प्रश्न नको म्हणणारा मुलगा म्हणाला, "ते जाऊ द्या बाई, म्हातारी दिवसाची का नाही गेली? वाघ तर अंधार पडल्यावर निघतो." आमच्याकडे उसात बिबटे आहेत. सात वाजता पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. त्याच्या प्रश्नावर सगळा वर्ग बोलायला लागला आणि मी वीस मिनिटांची चाळीस मिनिटं होऊ दिली. गणिताचा तास गेला, तो शनिवारी भरून काढला.

तिथूनच सुचलं आणि मी बिबट्यावर अर्धं पान स्वतः लिहिलं. ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात, माणिकडोहच्या निवारा केंद्राची माणसं येऊन ती तपासतात, संध्याकाळी ती खोक्यात घालून त्याच फडात परत ठेवतात आणि सगळे लांब जाऊन थांबतात, अंधारात मादी येते आणि एकेका पिल्लाला तोंडात धरून नेते. खोकं त्याच फडात का ठेवतात ते मी मुद्दामच लिहिलं नाही. हे पान मी वाचून दाखवलं नाही, मुलांनाच दिलं, मूक वाचनाला.

सहा जणांनी 'न लिहिलेलं' आपणहून ओळखलं. चौथीच्या मुलीनं वहीत लिहिलं, "आई पिल्लांना जिथं ठेवून गेली तिथंच शोधणार, दुसरीकडे ठेवली तर तिला काय माहीत." आणि वाचताना मधेच तिचं बोट मागच्या ओळीवर गेलेलं मी पाहिलं. 'ती' म्हणजे पिल्लं की मादी, ते ती बघत होती.

जमलं नाही ते असं. तिसरीतली चार मुलं ऐकताना सगळ्यांच्या बरोबर असतात, पण कागद हातात आला की पुन्हा नुसते शब्द वाचतात. शेजाऱ्याला सांगतानाही चौथीतलाच बोलतो, तिसरीतला मान हलवतो. जोड्या उलट्या करून पाहिल्या, आधी तिसरीतल्यानं सांगायचं असं ठरवलं, तर गप्पच बसले. पांझराकाठ सर, तुमच्याकडे बोलीत सांगताना लहान मूल आधी बोलतं का? आणि गुरुजी, कवितेसाठी चिठ्ठ्या लावायच्या की कविता तशीच सोडायची? सोमवारपासून पावसाची कविता आहे.